नेटची उंची कोणी ठरवली? पुरुषांच्या लॉन टेनिस स्पर्धांची पहिली वर्षे

मैदानकाठ

टेनिसचे नेट खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्यभागी तीन फूट उंच असते, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते तसेच का असावे, हा प्रश्न मात्र वीस वर्षे खेळूनही मला कधी पडला नव्हता. यंदाच्या पावसाळ्यात कोर्ट बंद असताना या खेळाच्या पहिल्या स्पर्धांविषयी मिळेल ते वाचत बसलो आणि त्यातून जे मनात पक्के होत गेले, ते येथे मांडतो आहे. माझे म्हणणे असे आहे की १८७७ ते १८८२ या काळात इंग्लंडमध्ये नेटजवळ उभे राहून चेंडू हवेतच परतवणारे, म्हणजे व्हॉली मारणारे, खेळाडू, मागच्या रेषेवरून खेळणारे खेळाडू आणि नियम करणारी मंडळी यांच्यात जो वाद चालला, त्याचा निवाडा म्हणजे आजच्या नेटची उंची होय. जाणकारांनी यात भर घालावी आणि माझे चुकत असेल तेथे मला अडवावे.

हिरवळीवरचे टेनिस कोणी एकाने शोधून काढले असे म्हणता येत नाही. बर्मिंगहॅमजवळ एजबॅस्टन येथे हॅरी जेम आणि ऑगुरिओ पेरेरा हे दोघे मित्र १८६० नंतरच्या काही वर्षांत पेरेरा यांच्या घरच्या हिरवळीवर असा खेळ खेळत असत आणि १८७२ मध्ये लेमिंग्टन येथे त्यासाठी क्लबही निघाला. खेळ घरोघरी पोचवला तो मात्र मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड यांनी. १८७४ मध्ये त्यांनी पेटंट मिळवले आणि खांब, नेट, रॅकेटी व रबरी चेंडू असा सगळा संच एका पेटीत भरून पाच गिनींना विकायला काढला. त्यांचे कोर्ट डमरूच्या आकाराचे होते, म्हणजे नेटपाशी अरुंद आणि मागे रुंद. गुण मोजण्याची पद्धत भिंतीवर खेळायच्या रॅकेट्स या खेळातून घेतलेली होती. तीत पंधरा गुणांचा डाव असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळत असे. १८७५ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने सर्वांसाठी एकच नियमावली केली, तरी डमरू कायम राहिला. त्याच सुमारास जे. एम. हीथकोट यांनी उघड्या रबरी चेंडूवर पांढरे फ्लॅनेल चढवून पाहिले आणि चेंडू हाताळायला पुष्कळ सोपा झाला.

विम्बल्डनच्या वॉर्पल रोडवरचा क्लब मुळात क्रोके या खेळाचा. त्याने १८७५ मध्ये हिरवळीचा एक भाग टेनिसला दिला आणि १८७७ मध्ये आपल्या नावातही लॉन टेनिस घातले. हिरवळीवर फिरवायचा, तट्टाने ओढायचा रोलर बिघडला होता आणि त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून स्पर्धा भरवायचे ठरले. प्रवेश फी एक गिनी होती. खेळाडूंनी रॅकेट स्वतःची आणावी आणि बिनटाचेचे बूट घालावेत, असे जाहिरातीत सांगितले होते. बावीस जणांनी नावे दिली. नियमांचे काम ज्युलियन मार्शल, सी. जी. हीथकोट आणि हेन्री जोन्स या तिघांकडे आले. जोन्स हे शिक्षणाने डॉक्टर होते, पण ‘कॅव्हेंडिश’ या नावाने पत्त्यांच्या व्हिस्ट या खेळावर लिहिणारे अधिकारी लेखक म्हणूनच लोक त्यांना ओळखत. या तिघांनी डमरू रद्द करून ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असे आयताकृती कोर्ट ठरवले आणि पंधरा, तीस, चाळीस ही जुन्या राजेशाही टेनिसमधली मोजणी आणली. एकेरीच्या कोर्टाची ती लांबीरुंदी आजही तीच आहे.

बदलले ते नेट, आणि सर्व्हिसची रेषा, म्हणजे नेट आणि जिच्यामध्ये सर्व्हिसचा चेंडू पडावा लागतो ती रेषा. १८७७ चे नेट खांबांपाशी पाच फूट उंच होते आणि मध्यभागी सव्वातीन फूट. सर्व्हिसची रेषा नेटपासून २६ फुटांवर होती. हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नयेत, कारण पुढचा सगळा खेळ त्यांतून निघतो. खांबाकडे नेट हनुवटीपर्यंत येत असेल, तर रेषेच्या कडेने सरळ फटका मारणे जवळजवळ अशक्य होते. चेंडू जोरात मारायचा तर तो मध्यावरूनच न्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू कोठून येणार हे आधीच ठाऊक असलेला माणूस मग मागे कशाला थांबेल? तो पुढे येऊन मध्यावर उभा राहतो आणि चेंडू जमिनीवर पडूच देत नाही.

स्पेन्सर गोर यांनी नेमके हेच केले. गोर सत्तावीस वर्षांचे होते, हॅरोच्या शाळेत रॅकेट्स खेळून तयार झालेले होते, सरे परगण्याकडून क्रिकेटही खेळले होते. बाकीचे खेळाडू मागच्या रेषेवरून चेंडू शांतपणे परतवत असताना गोर मनगटाच्या झटक्याने तो हवेतच एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात मारत. स्पर्धा ९ जुलैला सुरू झाली. ईटन आणि हॅरो या शाळांच्या क्रिकेट सामन्यासाठी अंतिम सामना पुढे ढकलला गेला, मग पाऊस आडवा आला आणि अखेर गुरुवारी, १९ जुलैला, ओल्या आणि निसरड्या गवतावर तो झाला. एक शिलिंग देऊन सुमारे दोनशे लोक पाहायला आले होते. गोर यांनी विल्यम मार्शल यांना ६-१, ६-२, ६-४ असे अठ्ठेचाळीस मिनिटांत हरवले. (हे मार्शल समितीतल्या ज्युलियन मार्शल यांच्याहून वेगळे.) त्यांना बारा गिनींचे बक्षीस आणि ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने दिलेला पंचवीस गिनींचा चांदीचा फिरता चषक मिळाला.

मला सर्वांत आदर वाटतो तो यानंतर हेन्री जोन्स यांनी जे केले त्याविषयी. त्यांनी सगळ्या सामन्यांची गुणपत्रके घेऊन मोजदाद केली. ६०१ गेम्सपैकी ३७६ सर्व्हिस करणाऱ्याने जिंकले होते आणि २२५ समोरच्याने. सर्व्हिस तेव्हा खांद्याच्या उंचीवरून किंवा त्याखालूनच होत असे, तरीही एवढा फरक पडला होता. जोन्स यांनी कोणाच्या तक्रारीची वाट पाहिली नाही. १८७८ मध्ये सर्व्हिसची रेषा २२ फुटांवर आली आणि नेट खांबांपाशी पावणेपाच फूट व मध्यभागी तीन फूट झाले.

त्याच वर्षी गोर यांच्या खेळाला उत्तर सापडले, आणि ते नियमांतून न येता एका खेळाडूच्या हातून आले. फ्रँक हॅडो हे सिलोनमध्ये कॉफीचे मळे करणारे गृहस्थ रजेवर मायदेशी आले होते. नेटवर झुकून उभ्या असलेल्या गोर यांच्या बाजूने चेंडू नेता येत नाही हे पाहून त्यांनी तो त्यांच्या डोक्यावरून उंच मागे टाकायला सुरुवात केली. गोर मागे धावले की परत पुढे येईपर्यंत मध्य मोकळा पडे. हॅडो ७-५, ६-१, ९-७ असे जिंकले, सिलोनला परतले आणि अजिंक्यपद राखायला पुन्हा कधी आले नाहीत. आपण आज ज्याला लॉब म्हणतो, तो मोठ्या स्पर्धेत एक डावपेच म्हणून प्रथम दिसला तो असा.

पुढची दोन वर्षे मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांची होती. १८८० मध्ये खांबांपाशी चार फूट आणि सर्व्हिसची रेषा २१ फुटांवर असा बदल झाला. चेंडू नेट ओलांडण्याआधीच पलीकडे हात घालून मारण्यालाही बंदी झाली. १८८२ मध्ये खांबांकडची उंची साडेतीन फुटांवर आली आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही.

लाकडी_चौकट

हा धागा वाचून मला आमच्या क्लबच्या जुन्या मार्करांची, म्हणजे कोर्ट सांभाळणाऱ्या माणसांची, आठवण आली. ते रोज सकाळी नेटची मधली पट्टी आवळण्याआधी एक रॅकेट जमिनीवर उभी धरत आणि तिच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटची चौकट आडवी टेकवत. लाकडी रॅकेट सत्तावीस इंच लांब आणि नऊ इंच रुंद, म्हणजे बरोबर छत्तीस इंच. टेप त्यांनी कधी वापरल्याचे मी पाहिले नाही. आताच्या रॅकेटींच्या चौकटी रुंद झाल्यामुळे ही युक्ती इंचभर चुकते.

तुमचे नेटविषयीचे म्हणणे मला पटते की नाही हे वाचून ठरवण्याऐवजी मी काल सकाळी करून पाहिले. खांबांच्या बाहेर दोन बांबू रोवले, त्यांवर पाच फुटांपाशी सुतळी बांधली आणि मध्यावर काठीच्या आधाराने ती सव्वातीन फुटांवर आणली. एकेरीच्या कडेच्या रेषेवर सुतळी साडेचार फुटांच्या आसपास येते. मागच्या रेषेवरून सरळ, सपाट फोरहँड मारला की चेंडू एक तर सुतळीखालून जातो, नाही तर तो इतका वर काढावा लागतो की पुढे उभ्या असलेल्या माणसाला दोन पावले सरकून तो सहज गाठता येतो. माझे जोडीदार साठीच्या पुढचे आहेत आणि एरवी नेटकडे कधी फिरकत नाहीत. काल ते मध्यावर उभे राहिले आणि मला त्यांच्या बाजूने एकही चेंडू काढता आला नाही.

शांतनदी

मूळ लेखातली मांडणी मला आवडली, पण ती अर्धीच आहे असे नम्रपणे सांगावेसे वाटते. नियमांनी आणि आकड्यांनी खेळ घडवला असे म्हणताना तुम्ही १८८१ हे वर्ष ओलांडून गेलात आणि त्याबरोबर विल्यम रेनशॉ यांनाही.

१८७९ आणि १८८० चे विजेते रेव्हरंड जॉन हार्टली हे यॉर्कशरमधल्या एका गावचे धर्मगुरू. ते इतके पुढे पोचतील असे त्यांना स्वतःलाच वाटले नव्हते, म्हणून १८७९ मध्ये रविवारच्या उपासनेची दुसरी सोय न करताच ते आले होते. शनिवारी ते गावी परतले, रविवारी प्रवचन केले आणि सोमवारी भल्या पहाटे निघून घोड्यावरून व आगगाडीने प्रवास करत दुपारी थेट विम्बल्डनच्या कोर्टावर उभे राहिले. पावसाने मध्ये थोडी उसंत दिली, तेवढ्यात चहा घेऊन त्यांनी तो सामना जिंकला. या चिकाटीचे मला मनापासून कौतुक आहे. त्यांचा खेळही तसाच होता. मागच्या रेषेवरून कंटाळा न करता प्रत्येक चेंडू परतवायचा आणि समोरच्याची चूक होईपर्यंत थांबायचे.

१८८१ मध्ये वीस वर्षांच्या विल्यम रेनशॉ यांनी या हार्टलींना ६-०, ६-१, ६-१ असे चाळीस मिनिटांच्या आतच हरवले. नेट तेव्हा खांबांपाशी चार फुटांवर आलेले होते आणि सर्व्हिसची रेषा २१ फुटांवर, म्हणजे जोन्स यांचे बहुतेक बदल होऊन गेलेले होते. ते बदल मागच्या रेषेवरच्या खेळाडूला वाचवण्यासाठी असतील, तर हार्टली वाचले का नाहीत? याचे उत्तर रेनशॉ कोठे उभे राहत यात आहे. गोर नेटला चिकटून राहत, त्यामुळे त्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकता येई. विल्यम आणि त्यांचे जुळे भाऊ अर्नेस्ट सर्व्हिसच्या रेषेच्या आसपास उभे राहत. तेथून पुढे दोन पावले टाकली की व्हॉली मिळते आणि मागे दोन पावले टाकली की लॉबखाली पोचता येते. वरून आलेला चेंडू ते नुसता परतवत नसत, डोक्यावरून सर्व ताकदीनिशी खाली हाणत. लोकांनी त्या फटक्याला रेनशॉ स्मॅश असे नाव दिले. त्याखेरीज जमिनीवर पडलेला चेंडू ते उसळी घेत असतानाच मारत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सावरायला मिळणारा क्षणही ते काढून घेत.

यानंतर व्हॉलीवर बंदीच घालावी अशी मागणी पुढे आली. तिच्याऐवजी १८८२ मध्ये खांबांकडचे नेट आणखी सहा इंच खाली आणले गेले. याचा अर्थ असा की तुम्ही ज्याला निवाडा म्हणता, तो खेळाडूच्या मागे धावत गेलेला होता. आणि त्याने रेनशॉ थांबले का? १८८२ आणि १८८३ मध्ये दोघे भाऊच अजिंक्यपदासाठी समोरासमोर आले. १८८४, ८५ आणि ८६ ही तिन्ही वर्षे हर्बर्ट लॉफर्ड यांनी आपला जबरदस्त, वरची फिरकी दिलेला फोरहँड घेऊन आव्हान दिले आणि तिन्ही वेळा ते हरले. लॉफर्ड जिंकले ते १८८७ मध्ये, जेव्हा विल्यम यांचे कोपर दुखावले होते आणि ते खेळूच शकले नाहीत.

उत्तररात्र

रेनशॉ यांच्या मोठेपणाविषयी दुमत नाही, परंतु आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १८७८ पासून १९२१ पर्यंत विम्बल्डनमध्ये आधीच्या वर्षीच्या विजेत्याला एकच सामना खेळावा लागत असे. बाकीचे सगळे आपापसांत लढून एक आव्हानवीर ठरवत आणि तो थकल्या अंगाने ताज्या दमाच्या विजेत्यापुढे उभा राहत असे. रेनशॉ यांच्या सलग सहा अजिंक्यपदांपैकी पाच, म्हणजे १८८२ ते १८८६ पर्यंतची, प्रत्येकी एकेका सामन्यावर मिळालेली आहेत. पीट सॅम्प्रस यांनी २००० मध्ये सातव्या अजिंक्यपदाने त्यांची बरोबरी केली आणि रॉजर फेडरर यांनी २०१७ मध्ये आठवे मिळवून त्यांना मागे टाकले, तेव्हा त्या दोघांना प्रत्येक वेळी सात फेऱ्या पार कराव्या लागल्या होत्या. हे आकडे शेजारी शेजारी मांडताना माझे मन नेहमी अडखळते.

शांतनदी

उत्तररात्र, तुमचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच त्यांच्या सातही अजिंक्यपदांत मला १८८९ चे सर्वांत मोलाचे वाटते. त्या वर्षी ते विजेते म्हणून वाट पाहत बसलेले नव्हते. १८८८ मध्ये विलबी हॅमिल्टन यांच्याकडून ते हरले होते आणि अजिंक्यपद अर्नेस्टकडे गेले होते. विल्यमना इतरांसारखे पहिल्यापासून खेळत यावे लागले. आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यात हॅरी बार्लो पहिले दोन सेट जिंकून बसले होते आणि चौथ्या सेटमध्ये ५-२ असे पुढे होते. बार्लो यांना सामना संपवणारे सहा गुण मिळण्याची संधी आली आणि सहाही वेळा ती हुकली. त्यांतल्या एका वेळी धावताना विल्यम यांच्या हातून रॅकेटच निसटून पडली. समोर रिकाम्या हाताचा माणूस दिसत असताना बार्लो यांनी चेंडू हळुवार उंच टाकला, विल्यमनी रॅकेट उचलून तो परतवला आणि गुण घेतला. पाचव्या सेटमध्येही ते ०-५ असे मागे होते. निकाल ३-६, ५-७, ८-६, १०-८, ८-६. त्यानंतर आव्हानाच्या सामन्यात त्यांनी सख्ख्या भावाला हरवले. हा एक सामना वाचला की एकाच सामन्यावर मिळालेल्या अजिंक्यपदांविषयीची कुरबुर बरीच शमते.

चार्ल्सकाठ

मी गेली काही वर्षे बॉस्टनजवळ राहतो, त्यामुळे अटलांटिकच्या या बाजूची गोष्ट सांगतो. मूळ लेखातल्या नेटच्या मुद्द्याला तिचा भक्कम आधार आहे.

१८८० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर एक मोठी स्पर्धा झाली. बॉस्टनहून जेम्स ड्वाइट आणि रिचर्ड सियर्स हे दोघे तेथे गेले आणि तेथले चेंडू आपल्या चेंडूंहून लहान आहेत असे पाहून एकेरीत खेळलेच नाहीत. गुणही तेथे जुन्या रॅकेट्सच्या पद्धतीने, पंधरापर्यंत मोजले जात होते. प्रत्येक क्लबचे नेट निराळे, चेंडू निराळा आणि मोजणीही निराळी, अशी स्थिती होती. या गोंधळातूनच मे १८८१ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, इंग्लंडचे नियम जसेच्या तसे स्वीकारले गेले आणि ऑगस्टमध्ये न्यूपोर्ट कसिनोच्या हिरवळीवर पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद झाले. इंग्लंडमध्ये अशी संघटना १८८८ मध्ये झाली, म्हणजे स्पर्धा आधी आणि संघटना नंतर. अमेरिकेत क्रम उलटा होता, आणि मला वाटते तोच अधिक शहाणपणाचा होता.

जिंकले ते एकोणीस वर्षांचे सियर्स, तेव्हा हार्वर्डचे विद्यार्थी. त्यांनी पुढे आपल्या खेळाविषयी लिहून ठेवलेले आहे आणि त्यात नेटचा उल्लेख स्पष्ट आहे. १८८१ मध्ये खांबांपाशी चार फूट आणि मध्यभागी तीन फूट असे नेट असल्यामुळे सगळे जण स्वाभाविकपणे मध्यावरूनच चेंडू मारत. सियर्स पुढे येऊन उभे राहत आणि चेंडू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलकेच ढकलत, त्यामुळे समोरचा धावूनच दमे. गोर यांनी चार वर्षांपूर्वी हजारो मैलांवर केलेली युक्ती सियर्सना त्याच कारणाने सुचली होती. पहिल्या तीन स्पर्धांत त्यांनी एकही सेट गमावला नाही आणि १८८७ पर्यंत सलग सात वेळा ते विजेते राहिले. शांतनदी यांचा रेनशॉविषयीचा युक्तिवाद मला मान्य आहे, पण दोन देशांत दोन वेगवेगळ्या माणसांना नेटने एकाच जागी उभे केले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

न्यूपोर्टची ती हिरवळ आजही खेळती आहे. मी तेथे एका उन्हाळ्यात गेलो होतो. लाकडी सज्जांच्या मधोमध गवताची कोर्टे आहेत आणि चेंडू इतका खाली राहतो की मातीच्या कोर्टावर वाढलेल्या माणसाला गुडघे वाकवायला पुन्हा शिकावे लागते.

दोन देशांची गाठ अधिकृतपणे पडली ती १९०० मध्ये, ड्वाइट डेव्हिस यांनी दिलेल्या चषकासाठी बॉस्टनच्या लाँगवूड क्लबवर. ब्रिटिश खेळाडूंनी गवत वाढलेले, नेट सैल आणि चेंडू मऊ असल्याची तक्रार केली. ती खरीही असेल, पण त्यांना हरवले ते डेव्हिस आणि होल्कम वॉर्ड यांच्या पिळदार सर्व्हिसने, जी उसळल्यावर भलत्याच दिशेला वळे. रेजी आणि लॉरी डोहर्टी या भावांना घेऊन ब्रिटिशांनी तो चषक नेला १९०३ मध्ये, त्याच लाँगवूडवर.

गणितगुंता

मी टेनिस खेळत नाही, पण स्पर्धेच्या रचनेविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. १८७७ मध्ये बावीस जण होते. पहिल्या फेरीनंतर अकरा उरले, मग सहा, मग तीन. तिघांत जोड्या लागत नाहीत, म्हणून विल्यम मार्शल उपान्त्य सामना न खेळताच अंतिम फेरीत गेले आणि गोर यांना मात्र सी. जी. हीथकोट यांच्याशी झगडावे लागले. आता दुसरे बक्षीस कोणाला द्यायचे? मार्शल तर हीथकोटना हरवून आलेले नव्हते. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकासाठी त्या दोघांचा वेगळा सामना घ्यावा लागला आणि तो मार्शल जिंकले.

हा प्रश्न पुढे ऑक्सफर्डचे गणितज्ञ चार्ल्स डॉजसन यांनी हाती घेतला. जग त्यांना लुईस कॅरल या नावाने मुलांचे लेखक म्हणून ओळखते. १८८३ मध्ये त्यांनी लॉन टेनिसच्या बक्षिसांविषयी एक पुस्तिका लिहिली आणि त्यात दाखवले की बत्तीस खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत खरोखर दुसऱ्या क्रमांकाचा जो खेळाडू असेल, त्याला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता एकतीसात सोळा एवढीच असते. तपासून पाहणे सोपे आहे. सर्वोत्तम खेळाडू एका जागी बसवला की दुसऱ्यासाठी एकतीस जागा उरतात आणि त्यांपैकी पलीकडच्या अर्ध्या भागातल्या सोळांपैकीच एखादी मिळाली तर तो अंतिम फेरीपर्यंत टिकतो. ज्याच्याहून तीन जण सरस ठरले आहेत त्यालाच बाद करावे, असा त्यांचा उपाय होता. तो कोणी स्वीकारला नाही, कारण तो पार पाडायला फार सामने आणि फार हिशेब लागतो. स्वीकारली गेली ती बॅग्नल-वाइल्ड यांची साधी सूचना. पुढे चाल द्यायचीच असेल तर ती सगळी पहिल्याच फेरीत द्यावी, म्हणजे त्यानंतर खेळाडूंची संख्या सोळा, आठ, चार अशी बरोबर उतरत जाते. बावीस जणांत दहांना पुढे चाल आणि बाकीच्या बारांचे सहा सामने झाले असते, तर मार्शल यांचा तो प्रश्नच उद्भवला नसता.

मैदानकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शांतनदी, १८८१ विषयी तुम्ही मला योग्य जागी अडवलेत. उंची कमी करण्याचे प्रत्येक पाऊल कोणा ना कोणा खेळाडूच्या मागोमाग पडले, हे मी मान्य करतो. मी निवाडा म्हणालो तेव्हा माझ्या मनात समितीच मोठी झाली होती. तरीही व्हॉलीवर सरळ बंदी घालण्याची मागणी मोडून काढून केवळ सहा इंच दोरी खाली घेणे, यात फार मोठा संयम आहे असे मला वाटते. बंदी आली असती तर गोर आणि रेनशॉ यांचा सगळा खेळच पुसला गेला असता. खांबाकडचे नेट उतरवल्यामुळे व्हॉली राहिली आणि तिच्या बाजूने चेंडू काढण्याची वाटही उघडली.

आपल्याकडे हा खेळ स्पर्धांच्या रूपाने केव्हा आला, असे मला खाजगी निरोपातून विचारण्यात आले, त्याचे उत्तर येथेच देतो. लाहोरला पंजाबची स्पर्धा १८८५ मध्ये आणि कलकत्त्याला बंगालची १८८७ मध्ये सुरू झाली, म्हणजे रेनशॉ ऐन भरात होते त्याच वर्षांत. संपूर्ण देशाची स्पर्धा अलाहाबादला १९१० मध्ये झाली. डेव्हिस चषकात भारताचा संघ प्रथम उतरला तो १९२१ मध्ये आणि त्याने पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवले. त्या संघात मुंबईच्या फैजी घराण्यातलेही खेळाडू होते, ही आपल्यासाठी खास अभिमानाची गोष्ट आहे. उत्तररात्र यांनी ज्या आव्हान पद्धतीवर बोट ठेवले, तिचे विम्बल्डनमधले शेवटचे वर्षही १९२१ हेच. डेव्हिस चषकात मात्र ती १९७१ पर्यंत टिकून राहिली.

लाकडी_चौकट यांना एक विनंती आहे. सुतळी चार फुटांवर आणि मग साडेतीन फुटांवर बांधून, जोडीदारांना एकदा नेटपाशी आणि एकदा सर्व्हिसच्या रेषेपाशी उभे करून पाहता येईल का? शांतनदींचा आणि माझा वाद तेथे बराचसा तपासला जाईल.

लाकडी_चौकट

रविवारी सकाळी करून पाहिले. या वेळी चौघे होतो, त्यामुळे मारणारे आणि अडवणारे आलटून पालटून बदलले.

खांबाकडे चार फूट असताना नेटला चिकटलेल्या माणसाच्या बाजूने सरळ चेंडू काढता येतो, पण तो अगदी रेषेवर आणि अगदी बेताच्या उंचीने जावा लागतो. आमच्या हातून तो बहुतेक वेळा बाहेरच गेला. साडेतीन फुटांवर तोच फटका निर्धास्तपणे मारता आला आणि नेटपाशी उभा असलेला माणूस दोन्ही बाजूंना पाहू लागला. तोपर्यंत तो फक्त मध्याकडे पाहत होता.

जोडीदार सर्व्हिसच्या रेषेवर जाऊन उभे राहिले, तेव्हा मात्र सहा इंचांचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. सरळ मारलेला चेंडूही त्यांना गाठता येत होता, कारण त्यांच्याकडे दीड-दोन पावलांचा वेळ जास्त होता. डोक्यावरून टाकलेला चेंडूही त्यांनी दोनदा खाली हाणला. अडचण एकाच ठिकाणी आली. चेंडू नेट ओलांडून त्यांच्या बुटांपाशी पडत होता आणि तो उसळता उसळता उचलणे त्यांना जमत नव्हते. रेनशॉ चेंडू उसळी घेत असतानाच मारत, असे शांतनदी यांनी लिहिले आहे. ते का, हे त्या वेळी आम्हा चौघांच्याही लक्षात आले.

बांबू अजून जागेवरच आहेत. १८७८ ची पावणेपाच फुटांची उंची तपासायची राहिली आहे, ती येत्या रविवारी बांधू.